घरगुती वापरासाठी

घंटागाडीचा आवाज आला म्हणून मी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन धावले. आमच्या कासार बोळात ती थांबली न थांबली असं करायची, आणि एकदा चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत कांद्याची सालं घरातच. रोज तिच्या भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं लागायचं. त्या दिवशी गाणं नव्हतं. भोंग्यातून एका बाईचा आवाज येत होता, लग्नात आहेराची नावं वाचतात ना, तसा ठासून आणि थोडा आनंदात.

"कासार बोळ. घर क्रमांक दोनशे सत्तावीस. श्री. निवृत्ती गणपत ढोबळे. घरपट्टी थकबाकी रुपये..."

मी बादली उपडी करता करता थांबले. निवृत्ती गणपत ढोबळे म्हणजे आमचे हे.

"टाका की ताई," गाडीवरचा माणूस म्हणाला. "नावं काय ऐकत बसता? मागल्या बोळात याच्या दुप्पट हायत."

मी बादली रिकामी केली आणि मान खाली घालून घरात आले. समोरच्या कुसुमकाकू दारात दात घासत उभ्या होत्या. त्यांनी तोंडातली मशेरी थुंकली नाही की एक शब्द बोलल्या नाहीत. कुसुमकाकू गप्प म्हणजे सगळ्या बोळानं ऐकलं.

मार्च आला की नगरपरिषदेला आपली सगळ्यांची अचानक आठवण येते. एरवी गटार तुंबलं तरी कुणी फिरकत नाही. आमची घरपट्टी थकली होती हे खरं. ह्यांचा टेंपो घाटात उलटला, पायात सळई घातली, आतली जखम सडली म्हणून ती काढून पुन्हा घातली. त्यात मागची घरपट्टी राहिली, मग पुढची राहिली, आणि राहिलेल्यावर दर महिन्याला शास्ती चढत गेली. शास्ती म्हणजे दंडावरचं व्याज की व्याजावरचा दंड, ते मला आजही नीट कळलेलं नाही. चढते एवढं कळतं.

घर चालत होतं ते माझ्या घरघंटीवर. छोट्या कपाटाएवढं पांढरं यंत्र. वरून गहू-ज्वारी ओतायची, खालच्या डब्यात पीठ. माहेरची बोरमाळ मोडून घेतलेलं. बस स्टँडजवळच्या गिरणीत बायकांना पुरुषांच्या गर्दीत ताटकळावं लागायचं, म्हणून बोळातल्या सगळ्याजणी माझ्याकडे यायला लागल्या. सकाळी ओसरीवर डब्यांची रांग लागायची, आणि माझ्या केसांवर, पापण्यांवर पीठ. ह्यांना त्याचं हसू यायचं. "आमची म्हातारी आली," म्हणायचे.

त्या रांगेत पहिला डबा नेहमी मालनवहिनींचा. मालनवहिनी क्षीरसागर, आमच्या शेजारच्या घरातल्या. नात्यानं कुणी नाहीत, पण मी लग्न होऊन आले तेव्हा मला स्टोव्ह पेटवायला त्यांनीच शिकवलं. पहिल्या बाळंतपणात दवाखान्यात रात्रभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं दळण मी पैसे न घेता दळायची. घ्यावेत असं कधी मनातही आलं नाही.

तर त्याच सकाळी, कुकरची शिट्टी व्हायच्या आत, नगरपरिषदेचा टेंपो बोळात आला. पुढं कापडी फलक: जप्ती पथक. मागं दोन कामगार, आणि ड्रायव्हरशेजारून उतरले ते तांबट साहेब. वसुलीचे निरीक्षक. मला वाटलं होतं कुणी मिशीवाला दांडगा माणूस असेल. हे बारकेसे, मानेवर रुमाल टाकलेले. दारात येऊन आधी म्हणाले, "ताई, पाणी मिळेल का?"

मी पाणी दिलं. उभ्यानंच प्यायले. मग म्हणाले, "काही भरता का? निम्मे भरलेत तरी आज परत जातो."

"साहेब, हे असे आहेत," मी खाटेकडे हात केला. हे उठून बसायला धडपडत होते.

"दिसतंय हो. पण माझ्या कागदावर पाय दिसत नाही." ते वाईट वाटून बोलले, त्यामुळं मला रागही धड आला नाही. "जुन्या पावत्या असतील तर बघा. एखादा भरणा आमच्याकडं चढला नसेल तर वजा करू."

मी आत गेले. पावत्या ट्रंकेत, ट्रंक खाटेखाली, खाटेवर हे. ह्यांचा पाय उचलून धरायचा आणि ट्रंक ओढायची, त्यात वेळ गेला. बाहेर साहेब पंच गोळा करत होते. जप्तीला दोन पंच लागतात, शेजारपाजारचे. एक शिंगटे पेंटर मिळाले, पलीकडच्या घरातले. दुसऱ्या मालनवहिनी. त्यांचं नाव ऐकून मला बरंच वाटलं. आपलं माणूस आहे म्हटलं.

पावत्यांचा गठ्ठा घेऊन मी बाहेर आले, तेव्हा वहिनी घरघंटीकडं बोट करून म्हणत होत्या, "घरगुती, साहेब. घरगुती वापरासाठी आहे ती."

खरं सांगते, मी मनात म्हटलं, शाबास वहिनी!

का म्हटलं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. दोन वर्षांपूर्वी गावात घरांची नव्यानं मोजणी झाली होती. राहतं घर असेल तर पट्टी कमी, धंदा चालत असेल तर जवळजवळ दुप्पट. ही बातमी बोळात मालनवहिनींनीच आणली. आदल्या दिवशी सगळ्यांना ओसरीवर बसवून त्यांनी पढवलं. "जास्त बोलायचं नाही. एकच शब्द लक्षात ठेवायचा, घरगुती. आणि दुसऱ्याच्या घराबद्दल विचारलं तरी तोच शब्द."

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले आले. शिंगटे पेंटरच्या ओसरीवर बोर्डांची थप्पी: एक बिअर बारचा, एक दातांच्या दवाखान्याचा. "हे काय?" "घरगुती." कुसुमकाकूंची खानावळ ऐन भरात होती, बँकेतली पोरं ताटावर बसलेली. "ही माणसं?" "पाव्हणं हायत." "एवढे?" "आमच्यात येतात." माझ्याकडं आले तेव्हा घरघंटीवर मी ह्यांची लुंगी टाकून वर गणपती बसवला होता. चतुर्थीला सहा महिने होते. मोजणीवाला गणपतीला नमस्कार करून गेला. नंतर आम्ही आठ दिवस हसत होतो. बोळात कुणी काहीही विचारलं की उत्तर एकच. "भाजी काय केलीय?" "घरगुती."

म्हणून मला वाटलं, वहिनींनी वेळेवर सावरलं. धंदा म्हटलं असतं तर ह्या साहेबांनी पट्टी दुप्पट करून मागची सगळी थकबाकी पुन्हा मांडली असती. मी त्यांच्याकडं बघून हलकंसं हसलेसुद्धा. त्यांनी पदर सारखा केला.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. शिंगटेंनी सही केली, वहिनींनी सही केली. मग साहेब कामगारांना म्हणाले, "ही घ्या."

ते दोघे घरघंटीला हात घालायला लागले.

"अहो, ती कशाला?" मी म्हटलं. "ती नका नेऊ. कपाट न्या, टीव्ही न्या."

"टीव्ही चालतो का?"

"आवाज येतो."

"कपाट तर कुजलंय, ताई. लिलावात निघणार काय त्याचं?" ते म्हणाले. "हीच एक वस्तू धड आहे. आणि घरगुती आहे, म्हणजे उचलता येते."

"म्हणजे?"

"धंद्याची असती तर हात लावता आला नसता. माणसाचं पोट ज्याच्यावर चालतं ते अवजार उचलायचं नाही, असा कायदाच आहे."

मी ओरडले, "धंद्याचीच आहे साहेब! सगळ्या बोळाचं दळते मी! ह्याच्यावरच चालतं आमचं!"

"हे आत्ता सांगताय." त्यांनी कागदाची घडी घातली. "पंचांनी सांगितलं, सह्या झाल्या. मी लिहिलेलं मला खोडता येत नाही." बोलताना त्यांनी एकदा मालनवहिनींकडं पाहिलं. मी तेव्हा कामगारांकडं बघत होते. एकानं पिठाचा डबा खेचून काढला, त्यातलं अर्धवट पीठ ओसरीवर सांडलं. कुणाची ज्वारी होती कोण जाणे. खोलीतून हे ओरडत होते, "अगं, काय चाललंय? मला उचला कुणीतरी!" आणि उचलायला आलेली दोन माणसं घरघंटी उचलून निघाली होती.

टेंपो गेल्यावर मालनवहिनी मटकन पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या.

"मला काय ठाऊक गं बाई? तेच बोलायचं ठरलं होतं ना आपलं? तोंडातून तेच आलं."

"असू द्या वहिनी. तुम्हाला काय माहीत कायद्यातलं? मला तरी कुठं माहीत होतं?"

"माझ्या जिभेला हाड नाही मेली."

"गप्प बसा बरं आता. चहा टाकते."

मी चहा केला. त्यात आलं घातलं, कारण त्यांना आल्याचा लागतो. माझं यंत्र गेलं आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते.

रात्री हे म्हणाले, "ती बाई बोळातली सगळ्यात हुशार. बचत गटाचा हिशेब तोंडी करते. तिला एवढं कळू नये?"

"तुम्हाला माणसांबद्दल वाईटच सुचतं," मी म्हटलं. "पाय दुखतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नगरपरिषदेत गेले. वसुलीचा विभाग वरच्या मजल्यावर. जिन्याखालच्या पडवीत जप्तीचं सामान रचलेलं होतं: मोटरसायकली, दोन फ्रीज, एक नवाकोरा सोफा प्लास्टिकसकट, आणि त्यांच्या मधे माझी घरघंटी. तिच्या तोंडाला कुणीतरी चुन्यानं आकडा घातला होता. मी पदरानं जरा पुसलं तर शिपाई खेकसला, "ओ बाई, नंबर पुसू नका!"

तांबट साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. "हे बघा," म्हणाले, "लिलावाच्या आधी पंचानं स्वतः येऊन सांगितलं की बाई दळण दळून पैसे घेते, मी चुकून बोलले, तर मी मुख्याधिकाऱ्यांकडं तसं ठेवतो. यंत्र सुटेल. मग दुसरं काही न्यायचं का, हप्ते पाडायचे, ते बघू. पण पंच यायला पाहिजे. शिंगटे म्हणाले, बायकांच्या यंत्राचं मला काय कळतं. म्हणजे राहिल्या त्या बाई."

"येतील की. आत्ता घेऊन येते."

"त्या तुमच्या कोण?"

"शेजारीण आहेत. पण मोठी जाऊ म्हणा, बहीण म्हणा."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "बरं," म्हणाले. "विचारा त्यांना. मग या."

मी उडतच घरी आले. वहिनी गव्हातले खडे निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. "एवढं एक वाक्य बोलायचंय, वहिनी. बाकी सगळं मी बोलते."

"येते की. न यायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "आज गुरुवार आहे ना, माझा उपास. ऑफिसात चक्कर आली तर तुलाच त्रास. उद्या जाऊ."

उद्या त्यांची नणंद आली. परवा त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, दाढदुखी. मी रोज सकाळी तयार होऊन बसायची. ओसरीवर डबे येत होते, मी परत पाठवत होते. कुसुमकाकू म्हणाल्या, "आगं, खानावळीचं पीठ संपलं माझं. त्या मालनीचा हात धर नि वढत ने की!"

"वडीलमाणूस आहेत काकू. असं कसं ओढणार?"

"मला वढायचीस का न्हाई? मी काय ल्हान हाय?"

लिलावाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसले आणि उठलेच नाही. शेवटी त्या साडी बदलून आल्या. जांभळी, काठाची, पुतण्याच्या लग्नातली. वाटेत एकदा विचारलं, "लिलावात कितीला जाते गं असली वस्तू?"

"लिलाव होतोय कशाला आता? तुम्ही आहात ना."

"नाही, आपलं विचारलं."

चौकात त्यांनी माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला आणि रस्त्यातच माझ्या केसात माळला. "रया गेली बघ तुझी," म्हणाल्या. त्यांची बोटं मानेला लागली तेव्हा मला रडू फुटायच्या बेतात होतं. एवढे दिवस दाबून ठेवलेलं. मी म्हटलं, नको, काम झाल्यावर घरी जाऊन रडू.

वर गेलो. तांबट साहेबांसमोर दोन खुर्च्या होत्या. वहिनी बसल्या, मी उभीच राहिले.

"साहेब, ह्या आल्यात," मी म्हटलं. "त्या दिवशी चुकून बोलल्या त्या. त्यांना वाटलं, धंदा म्हटलं तर पट्टी वाढेल. घाबरून बोलल्या."

साहेबांनी माझं ऐकून घेतलं, पण बघत होते वहिनींकडं. "घाबरून?" ते म्हणाले. "बाई, त्या दिवशी ह्या आत पावत्या शोधत होत्या, तेव्हा मी तुम्हाला काय म्हटलं होतं?"

वहिनींनी मांडीवरची साडी चापूनचोपून नीट केली.

"मी म्हटलं होतं, नीट विचार करून सांगा. ह्या दळणाचे पैसे घेत असतील तर मला हे यंत्र नेता येत नाही, मी दुसरं काही बघतो. असं स्पष्ट म्हटलं होतं. एकदा नाही, दोनदा. बरोबर?"

पंखा चालू होता. टेबलावरचे कागद दगडाखाली फडफडत होते. मी वाट बघत होते की आता वहिनी म्हणतील, छे हो साहेब, असं कुठं म्हणालात? दुसऱ्याच कुणाला म्हणाला असाल.

"म्हणाला होतात," वहिनी म्हणाल्या.

मला त्याचा अर्थ लगेच लागला नाही. म्हणजे शब्द कळले, पण ते मालनवहिनींच्या तोंडचे आहेत हे कळायला वेळ लागला.

"मग आज काय म्हणणं आहे तुमचं?" साहेबांनी कागद पुढं ओढला. "धंद्याची का घरगुती? तुम्ही सांगाल ते लिहितो."

"वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. साहेबांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत त्या हळू पण अगदी स्वच्छ बोलल्या. "आता साहेब, देवाशप्पथ खोटं सांगणार नाही. इतकी वर्षं दळते ती माझं. किलो असो, पायली असो. पण माझ्याकडनं तिनं एक रुपया घेतला नाही कधी. द्यायला गेले तर रागवायची. मग मी धंदा कसा म्हणू? दुसऱ्यांचं मला काय ठाऊक? मी माझ्यापुरतं सांगते."

तांबट साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडं वळले. "खरं आहे का हे? ह्यांच्याकडनं पैसे घेत नव्हता?"

"नव्हते घेत," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं नाही. कागद परत फायलीत सरकवला. "उद्या अकरा वाजता लिलाव आहे," एवढंच म्हणाले. आणि मी जायला वळले तर पुन्हा म्हणाले, "ताई, पाणी घेता का?"

जिन्यात वहिनींनी मला गाठलं. खाली पडवीत शिपाई कुणालातरी सोफा दाखवत होता. मी कठड्याला धरून उभी होते.

"कांचन. बोल की काहीतरी."

"तुम्ही बोला," मी म्हटलं. "का केलंत?"

त्यांनी खाली-वर बघितलं. मग एकदम, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या, "माझी मंजूर झालीय गं. घरघंटी. महिला-बालकल्याणच्या योजनेतनं. पुढच्या महिन्यात येतीय."

"मग?"

"मग काय? एका बोळात दोन कशा चालणार? तुझं बस्तान बसलेलं. तुझ्या हाताचं पीठ मऊ असतं म्हणतात सगळ्या. माझ्याकडं कोण आलं असतं?"

"मला सांगायचं होतं. अर्धी गिऱ्हाइकं मी तुम्हाला दिली असती. सगळी मागितली असतीत तरी..."

"हेच ते," वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तू दिलं असतंस! सगळ्या बोळाला सांगून दिलं असतंस. आजवर तुझंच फुकट दळून खाल्लं की मी. माझ्या पोराला, सुहासला, नोकरी नाही, भाऊजी तुझे पेन्शनीतला पैसा हातावर ठेवत नाहीत. एकदा काहीतरी माझं येतंय दारात, तेही तुझ्याकडनं मागून घेऊ?" मग त्या मऊ झाल्या, माझ्या दंडाला हात लावला. "तुझं काय गं, तू उभी राहशील परत. तुझे हात चालतात. माझं आता वय झालं."

मी दंड सोडवून घेतला. खाली उतरले. पडवीतून जाताना घरघंटीकडं बघितलं नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं. "मी म्हटलं होतं ना," असं हे म्हणाले नाहीत. केसातला गजरा त्यांनीच काढला.

लिलावात ती मिरची कांडपवाल्यानं नेली. मग मी कुसुमकाकूंच्या खानावळीत पोळ्या लाटायला लागले. काकू पैसे रोखीनं द्यायच्या आणि वर शिव्याही रोखीनं. नगरपरिषदेचे राहिलेले पैसे हप्त्यानं फेडले. प्रत्येक हप्त्याला तांबट साहेब पावती फाडून देताना उठून उभे राहायचे. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मालनवहिनींची घरघंटी अक्षयतृतीयेला आली. आदल्या संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या. आत नाही आल्या.

"उद्या पूजा आहे. ये. तुला त्यातलं कळतं, पहिलं दळण तुझ्या हातानं पडू दे. तुझ्या हाताला गुण आहे."

मी काही उत्तर द्यायच्या आत निघून गेल्या. हे म्हणाले, "गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस."

मी गेले. बोळात राहायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते यंत्र बघायचं होतं.

सगळ्याजणी जमल्या होत्या. यंत्र हिरव्या रंगाचं, माझ्या घरघंटीहून थोडं मोठं. वर योजनेचा कागद चिकटवलेला, तो वहिनींनी तसाच ठेवला होता. हार घातला, उदबत्ती लावली. बोळातल्या बायकांना सगळं ठाऊक होतं. कसं ते माहीत नाही, मी तर कुणाला सांगितलं नव्हतं. पण कुणी कुणाकडं बघत नव्हतं आणि प्रत्येकजण गरजेपेक्षा जास्त बोलत होतं.

"चला, उरका की," कुसुमकाकू म्हणाल्या. "माझी पोरं उपाशी हायत तिकडं."

वहिनींनी हळद-कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. मी यंत्राच्या कपाळावर, म्हणजे तोंडाच्या जरा वर, हळद लावली, कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत लावलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? नारळ फोडला. मापभर गहू ओतला, झाकण लावलं, बटण दाबलं. पहिल्यांदा नवीन यंत्र थोडं अडखळतं तसं अडखळलं, मग लागलं चालायला. गरम पिठाचा वास सुटला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "हं, चांगलं दळतंय हो" म्हणालं.

आता यंत्रानंतर घरच्या सवाष्णीला लावायचं, मग बाकीच्यांना. मालनवहिनी माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला, डोळे मिटले, कपाळ पुढं केलं. जवळून त्या एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. कानामागचे केस पांढरे झालेले मी आधी कधी पाहिले नव्हते. हात उचलला गेला माझा, त्याला सवय होती.

मी करंड्याचं झाकण लावलं आणि तो शेजारी उभ्या कुसुमकाकूंच्या हातात दिला. बायकांमधून वाट काढत ओसरीवर आले, चपला पायात घातल्या. वळून बघितलं तेव्हा वहिनी तशाच उभ्या होत्या, डोळे मिटून, कपाळ पुढं करून. घरघंटी चालू होती, त्यामुळं मागं कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही.